मदत हवी आहे: रशियात बेदाण्याचा पहिला कंटेनर, पैसे दुबईहून येणार म्हणतात

बेदाणा_शेड:
नमस्कार मंडळी. तासगावला बेदाण्याचं प्रोसेसिंग आणि पॅकिंग युनिट आहे. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), अपेडाची (शेतमाल निर्यातीचं सरकारी मंडळ) नोंदणी, एफएसएसएआय (अन्न परवाना) सगळं आहे. माल आखातात जातो, रशियात कधी गेला नाही. सेंट पीटर्सबर्गच्या एका आयातदाराला १८ टन पिवळा बेदाणा हवाय, १० किलोच्या पेट्यांत. अटी अशा: ३० टक्के आगाऊ, उरलेले बीएलची (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर माल चढल्याची पावती, तिच्यावरच माल सोडवतात) प्रत दाखवल्यावर. बिल डॉलरमध्ये करा म्हणतात, पण पैसे त्यांच्या दुबईतल्या दुसऱ्या कंपनीकडून येतील. वर रशियन आणि इंग्रजी असा द्विभाषी करार, त्यावर शिक्का, आणि "डिक्लेरेशनसाठी" नमुने मागितलेत. यात नेमकं काय मान्य करावं आणि काय करू नये?

एडी_कोड:
दादा, आधी पैशाचं. बाकीचं सगळं त्यानंतर.

दुबईहून पैसे येणं बेकायदा नाही. तिसऱ्या पक्षाकडून निर्यातीचे पैसे घ्यायला रिझर्व्ह बँक परवानगी देते, पण तुमच्या एडी बँकेची (परकीय चलनाचे व्यवहार करायला अधिकृत बँक) खात्री पटायला हवी. त्यासाठी तुम्ही, रशियन खरेदीदार आणि दुबईची कंपनी असा त्रिपक्षीय करार, किंवा तिसरा पक्ष पैसे का देतोय हे दाखवणारे पुरावे लागतात. पैसे कोण पाठवणार ते शिपिंग बिल भरतानाच जाहीर करायचं असतं. हे राहिलं की बिल एका नावावर, रक्कम दुसऱ्याकडून. ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का ते पाहणारी रिझर्व्ह बँकेची प्रणाली) नोंद उघडीच राहते, ई-बीआरसी (पैसे आल्याचा बँकेचा दाखला) निघत नाही आणि निर्यातीचे लाभ अडकतात. शिवाय "आमचीच कंपनी" या तोंडी शब्दावर दुबईची बँक पैसे परत पाठवू शकते. त्या कंपनीचा परवाना, मालक कोण आणि रशियन कंपनीशी तिचं नातं काय, हे कागदावर घ्या.

माझं मत विचाराल तर हा सौदा रुपयात करा. ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने स्पेशल रुपी व्होस्ट्रो खात्याची सोय केली. रशियन बँकेचं रुपयातलं खातं भारतातल्या बँकेत असतं. खरेदीदार त्याच्या बँकेत रूबल भरतो, त्या खात्यातून रुपये तुमच्या नेहमीच्या चालू खात्यात येतात. तुम्हाला वेगळं खातं लागत नाही. बिल, करार आणि शिपिंग बिल तिन्ही रुपयात हवीत. या मार्गाने आलेल्या रुपयांवरही निर्यातीचे लाभ मिळतात, नोव्हेंबर २०२२ पासून परदेश व्यापार धोरणात तशी तरतूद आहे. रशियन बँकांकडे रुपयांची टंचाई नाही, कारण २०२४-२५ मध्ये आपण रशियाकडून सुमारे ६४ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला तो ५ अब्जांच्या आतच.

एक खाच सांगतो. आगाऊ रक्कम सोडण्याआधी, आधीच्या पूर्ण झालेल्या निर्यातीचं देणं त्या खात्यातून भागलंय का, हे आपल्या बँकेला पाहावं लागतं. त्यामुळे आगाऊ पैसे कधीकधी दिवसेंदिवस रखडतात. आगाऊसाठी पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक) पी०१०३ द्या, चुकीचा कोड पडला तर पुढे जुळवणीत त्रास होतो.

खरेदीदाराला आजच विचारा: तुमची बँक कोणती, तिचं व्होस्ट्रो खातं भारतात कोणत्या बँकेत आहे, आणि ते चालू आहे का. उत्तर लेखी घ्या आणि तुमच्या शाखेत नव्हे, बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागात दाखवा.

बेदाणा_शेड:
धन्यवाद साहेब. पण निर्बंधांचं काय? बेदाण्यावर बंदी नाही ना?

एडी_कोड:
बेदाण्यावर नाही. अमेरिकेच्या ओफॅकच्या (निर्बंध राबवणारं खातं) सामान्य परवाना ६ मध्ये शेतमालाच्या व्यवहारांना मोकळीक आहे. प्रश्न मालाचा नसून माणसांचा आणि बँकांचा आहे. व्हीटीबी आणि स्बेरबँक दोन्ही २०२२ पासून अमेरिकेच्या काळ्या यादीत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये निघालेल्या अमेरिकेच्या १४११४ क्रमांकाच्या आदेशाने रशियन व्यवहार हाताळणाऱ्या परदेशी बँकांवरही कारवाईची तलवार आली. म्हणून शेतमाल असूनही काही भारतीय बँका सरळ नाही म्हणतात. तुमची बँक नाही म्हणणार असेल तर ते माल भरण्याआधी कळायला हवं.

खरेदीदार कंपनी, तिचे मालक आणि संचालक यांची नावं ओफॅकच्या यादीत तपासा. यादीतल्या व्यक्तीचा हिस्सा ५० टक्के किंवा जास्त असेल तर कंपनीचं नाव यादीत नसूनही ती अडकलेलीच धरतात.

नेवा_काठ:
करारावर मी बोलतो, रशियातल्या आयात कंपन्यांचं कागदी काम रोजचं आहे.

ताबडतोब आयएनएन मागा. हा करदाता क्रमांक कंपनीसाठी १० आकडी असतो. रशियाच्या कर खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनीचा उतारा फुकट मिळतो: स्थापना कधी झाली, भांडवल किती, जनरल डायरेक्टर कोण, कंपनी बंद होण्याच्या वाटेवर आहे का. करारावर सही करणारा तोच जनरल डायरेक्टर हवा. दुसरा कोणी असेल तर मुखत्यारपत्राचा क्रमांक आणि तारीख करारात घाला. "उस्तावच्या आधारे काम करणारे" असं वाक्य दिसेल, उस्ताव म्हणजे कंपनीची नियमावली. गोल शिक्का, म्हणजे पेचात, पुष्कळ कंपन्यांना कायद्याने आता सक्तीचा नाही, पण तिथल्या बँका आणि हिशेबनीस तो मागतातच. तुमचाही मारा, वाद घालू नका.

ते कराराच्या मागे लागलेत ते उगाच नाही. ३० लाख रूबलपासून पुढचा आयात करार त्यांना त्यांच्या बँकेत नोंदवावा लागतो, नोंदणी क्रमांकाशिवाय बँक परदेशी पैसे सोडत नाही. १८ टनांचा सौदा त्या मर्यादेपलीकडेच जाईल. शिवाय आगाऊ रक्कम पाठवली आणि ठरल्या मुदतीत माल आला नाही, तर दंड खरेदीदाराला बसतो. म्हणून करारात मालाची शेवटची तारीख असते आणि ती ओलांडायची वेळ आली की ते पुरवणी कराराची घाई करतात. तो पुरवणी करार त्याच दिवशी सही करून द्या. त्यात त्यांचा कसलाही डाव नसतो. तारखेत मात्र सुरुवातीलाच महिनाभर सैल ठेवा, तांबड्या समुद्रातून जहाज वेळेवर जाईल याचा भरवसा नाही.

द्विभाषी करारात कोणती भाषा अंतिम ते लिहा. इंग्रजी लिहायला लावा, आणि रशियन बाजू तुमच्या ओळखीच्या अनुवादकाकडून वाचून घ्या. बँकेचे तपशील, रकमा आणि मुदती दोन्ही स्तंभांत एकसारख्या आहेत का, एवढं तरी नक्की बघा.

नमुन्यांबद्दल: युरेशियन आर्थिक संघात अन्नपदार्थाला अनुरूपतेचं डिक्लेरेशन लागतं (तांत्रिक नियमावली ०२१/२०११) आणि ते तिथे नोंदलेली कंपनीच काढू शकते. तुम्ही भारतातून काढू शकत नाही. पहिल्या वेळी एका खेपेपुरतंच काढू द्या, ते आयातदार स्वतःच्या नावावर घेतो. सलग उत्पादनासाठी काढायचं तर तुम्हाला त्यांना अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमावं लागतं. पुढे ग्राहक बदलला की त्याचा गुंता होतो.

आणि १ ते ८ जानेवारी, तसंच मेच्या पहिल्या आठवड्यात कागद तिथे पोहोचू देऊ नका. कोणी जागेवर नसतं.

न्हावा_शेवा_सीएचए:
"बीएलची प्रत दाखवल्यावर ७० टक्के" ठीक आहे, पण मूळ बीएल तुमच्या कपाटात हवी. पैसे खात्यात पडल्यावरच टेलेक्स रिलीज (मूळ बीएल तिथे न पाठवता माल सोडायचा निरोप). सी वेबिलला हो म्हणू नका, त्यावर ते मूळ कागदाशिवाय माल उचलू शकतात. ७० टक्के जहाज वाटेत असतानाच घ्या. माल बंदरात उतरून पडला की डेमरेज (पडून राहिल्याचा आकार) वाढतो आणि मग भावासाठी तुमच्यावरच दबाव येतो. माल परत आणणंही सोपं नाही.

भाव एफसीए न्हावा शेवा द्या, म्हणजे तिथे त्यांच्या वाहतूकदाराच्या हवाली करेपर्यंतचा. रशियाच्या मार्गावर मोठ्या जहाज कंपन्यांनी २०२२ मध्ये बुकिंग थांबवलं, जे फॉरवर्डर (वाहतूक ठरवून देणारे) आहेत ते खरेदीदाराच्या ओळखीचे असतात आणि भाडं डॉलरमध्ये फिरतं. पण त्यांच्या फॉरवर्डरने बीएल बनवली तरी शिपर म्हणून तुमचंच नाव आणि मूळ प्रती तुमच्याच हाती, हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. नाहीतर माल त्यांच्या ताब्यात गेलाच समजा.

आता वजन. इथेच खेपा अडतात. १,८०० पेट्या, निव्वळ १८,००० किलो. रिकामी पेटी आणि आतली पिशवी काट्यावर ४८० ग्रॅम भरली, तर एकूण वजन १८,८६४ किलो. अंदाजे अर्धा किलो धरून पॅकिंग लिस्टवर १८,९०० लिहिलं आणि बीएलवर १८,८६४ आलं, की ३६ किलोंचा खुलासा द्यावा लागतो. दहा रिकाम्या पेट्या मोजून सरासरी काढा आणि तोच आकडा सगळीकडे वापरा.

रशियन कस्टम्स भाव तपासायला आपल्या शिपिंग बिलाची प्रत आणि तुमचं दरपत्रक मागतात. त्यावरचा भाव बिलाशी जुळला पाहिजे. एचएस कोडचे (कस्टम्सचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) पहिले सहा आकडे, ०८०६२०, दोन्हीकडे सारखे. पुढचे त्यांचे चार त्यांनाच ठरवू द्या, बिलावर सहाच लिहा.

फायटो (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला) पीक्यूएमएस या सरकारी पोर्टलवरून काढा, फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी) करून तपासणी झाल्यावर. रशियाच्या क्वारंटाइन यादीत खापरा भुंगेरा ही साठवणीतली कीड आहे. शेडमधलं जुनं बारदान आणि कोपऱ्यातला झाडलेला कचरा हीच त्याची जागा, माल भरायच्या आधी ते बाहेर काढा. पॅलेट नको, पेट्या थेट लावा. पॅलेट लागलंच तर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का असलेलं. कंटेनरच्या भिंतींना क्राफ्ट पेपर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लावा, उकाड्यातून थंडीत जाताना छताला पाणी सुटतं आणि वरच्या दोन थरांचा बेदाणा चिकटतो.

बेदाणा_शेड:
सगळ्यांचे आभार. रुपयातच करू म्हणून त्यांना आज कळवलं, बँकेचं नाव उद्या देतो म्हणाले. शेवटचं: पेटीवर काय छापायचं?

नेवा_काठ:
रशियन भाषेत: मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, टिकण्याची मुदत, साठवणुकीची अट, खेपेचा क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, आयातदाराचं नाव-पत्ता. पिवळा बेदाणा म्हणजे गंधकाची धुरी आलीच. सल्फर डायऑक्साइड किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते लेबलवर लिहावंच लागतं, आणि धुरीच्या मालात ते त्याच्या कितीतरी वर असतं. घटकांत "बेदाणा, परिरक्षक ई२२०" असं येईल. प्रयोगशाळेचा अहवाल माल भरायच्या आधी करून घ्या आणि त्याच लॉटमधले नमुने त्यांना पाठवा, दुसऱ्या लॉटचे नकोत. लेबलचा मजकूर त्यांच्याकडून लेखी मंजूर करून मगच छापायला द्या. तारीख दिवस, महिना, वर्ष अशीच, आणि पेटीवरची तारीख फायटोच्या तारखेनंतरची असता कामा नये.