धावा मोजायला बसवणे म्हणजे खेळात घेणे का?

सहकारनगरची आत्या:
माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी संबंधित, हालचालींवरचा ताबा कमी करणारा विकार) असून तो व्हीलचेअर वापरतो. सोसायटीतील मुले सायंकाळी क्रिकेट खेळतात, तेव्हा त्याला प्रेमानेच, परंतु दररोज, धावा मोजायला बसवतात. परवा तो म्हणाला, "आत्या, मला एकदा आऊट तरी होऊ दे." खेळात नेमका काय बदल करावा, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक:
बोचिया खेळून पाहावा. 1984 पासून पॅरालिंपिकमध्ये असलेला हा खेळ मुळात सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठीच आकारास आला. एका पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपापले सहा लाल किंवा सहा निळे चेंडू न्यायचे असतात. ज्याला हाताने चेंडू टाकता येत नाही, तो उतरत्या पन्हळीवरून सोडतो. मात्र पन्हळीची दिशा खेळाडूनेच ठरवायची आणि मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसायचे, असा नियम आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे मदत करणारा बहुधा स्वतःच खेळून टाकतो. घरच्या सरावाला उभा चिरलेला पीव्हीसी पाइप आणि सोसायटीचा हॉल पुरतो. इतर मुलांनीही खुर्चीत बसूनच खेळावे.

अंध क्रिकेटपटू:
सरांची सूचना चांगली आहे, पण मुलाने क्रिकेट मागितले आहे. आमच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळतो, गोलंदाजी हात खालून फिरवून करतात, पूर्ण अंध फलंदाजाला धावक मिळतो आणि त्याच्या धावा दुप्पट धरतात. तरीही ते क्रिकेटच असते. भाच्यालाही धावक द्यावा. त्रिफळा उडाला, तर मात्र कोणीही दया दाखवू नये.

एक पालक, खडकी:
आमच्या मुलीला एका जलतरण तलावावरून "जबाबदारी कोण घेणार?" असे विचारून परत पाठवले होते. वास्तविक, 1965 च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 30 क्रीडासुविधा सुगम करण्याविषयीच आहे. त्याचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि कपडे बदलण्याच्या खोलीचे दार किती रुंद आहे, हेही आधी मोजून घ्यावे.

सहकारनगरची आत्या:
सर्वांचे आभार. भाच्याला वाचून दाखवले. दुप्पट धावा नकोत, धावक चालेल, पण तो कोण हे मीच ठरवणार, असे त्याचे म्हणणे आहे.