चौलचे पोर्तुगीज पर्व अजून बोलते आहे

कोकणातले पोर्तुगिजांचे चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आले आणि आता तिथल्या रेवदंडा किल्ल्याच्या पडक्या तटाखेरीज पोर्तुगिजांचे काहीच उरले नाही, हे विधान मला अर्धेच पटते. तट खरोखरच ढासळत आहे. परंतु कुंडलिका खाडीच्या पलीकडे, कोर्लई गावाच्या कॅथलिक वस्तीत, पोर्तुगीज शब्दसंग्रह आणि मराठी वळण यांच्या मिश्रणातून घडलेली एक भाषा आजही घराघरात बोलली जाते. तिला ते लोक ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. तिथल्या बाजारात एक आजीबाई कोळणीशी अस्सल मराठीत घासाघीस करत होत्या आणि त्याच दमात नातवाला नौ लिंगमध्ये दटावत होत्या. खाडीवर पूल नसताना गाव एका कडेला पडले होते, हेही ही भाषा टिकण्याचे एक कारण असावे.