तुमच्या हायस्कूलमध्ये नेमकं काय चांगलं होतं? (अनुभव धागा)

तलावपाळी
काल मुलीच्या नववीच्या पालकसभेला गेले होते, तासभर नुसतं स्मार्टबोर्ड आणि रोबोटिक्स लॅबचं कौतुक. मी विचारलं गणिताच्या वह्या कोण तपासतं, तर म्हणे सगळं अ‍ॅपवर असतं. मला एकदम आमच्या नौपाड्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. उत्तर चुकलं तर त्या अख्ख्या गणितावर काट मारायच्या नाहीत, जिथे चिन्ह चुकलंय बरोबर त्या ओळीला लाल पेनने बारीक गोल आणि शेजारी "इथून परत" एवढंच. मग ते परत सोडवून दाखवलं की गोलाच्या आत छोटी टिक. वर्ग खचाखच भरलेला असायचा, तरी प्रत्येकाच्या वहीत हे गोल. माझं गणित त्या गोलांनी सुधारलं, क्लास कधी लावला नाही. तर आठवी ते दहावीच्या वर्षांत तुमच्या शाळेत कशाने फरक पडला आणि आता काय व्हायला हवं, लिहा सगळ्यांनी.

खाडीकिनारी
कळवा. वर पत्रे, पावसाळ्यात शेवटच्या बाकाजवळ बादली. पण दोन दिवस गेलो नाही की शिपाईमामा दारात हजर! वडलांची वागळे इस्टेटमधली नोकरी गेली तेव्हा मी नववीत, एका दुकानात कामाला लागलो होतो. मामांनी हेडसरांना सांगितलं, सरांनी मालकाशी बोलून मला दुपारनंतरची वेळ करून दिली आणि फीचं नंतर बघू म्हणाले. दहावी झालो ते त्यामुळे. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) आठवीपर्यंतच आहे ना, त्यामुळे नववीत पोरगं गळालं तर त्याच्या मागे जायचं कायद्याने कुणावरच येत नाही. आधी हे बदला, बाकी सगळं नंतर.

डबापार्टी
कळव्याची कुठली शाळा दादा? स्टेशनच्या बाजूची का? तिथे समोर वडापाव मिळायचा, सुकी चटणी भरपूर घालायचा

खाडीकिनारी
@डबापार्टी हो हो तोच!! आता मुलगा बसतो गाडीवर. चव तीच.

गणितवेडी
तलावपाळी ताई, तुमच्या बाईंना नमस्कार. मी ऐरोलीत नववी-दहावीला शिकवते. वह्या तपासायची इच्छा खूप असते हो, पण माहिती भरा, फोटो अपलोड करा, त्यात मधेच बीएलओची, म्हणजे मतदार यादीच्या कामाची ड्युटी. आरटीईच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून बाकी कामं शिक्षकांना द्यायची नाहीत, पण वरून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो "आज ५ पर्यंत पाठवा" आणि तास बुडतो. बी.एड.ला मायकेल रटर यांचा अभ्यास होता, १९७९ चा, लंडनच्या १२ माध्यमिक शाळांचा. इमारत जुनी की नवी याने विशेष फरक पडत नव्हता. गृहपाठ देऊन तो खरंच बघितला जातो का, शाबासकी मिळते का, मुलांवर जबाबदारी टाकतात का, शिक्षक एकत्र बसून ठरवतात का, यावर मुलांची हजेरी, वागणं आणि निकाल ठरत होता. खाडीकिनारी दादा, तुमची पत्र्याची शाळा त्यात अगदी बसते. आम्हाला आठवड्यातून एक तास फक्त एकत्र बसायला मिळाला तरी पुष्कळ होईल, कुठलं पोर मागे पडतंय ते मला कळतं पण सायन्सच्या सरांना सांगायला वेळच नाही.

घणसोली_गाव
आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमला कडी नव्हती. पाळीच्या दिवसांत निम्म्या मुली घरी. नवीन हेडबाई आल्या, पहिल्या आठवड्यात कडी, पाणी, कचऱ्याचा डबा, आणि मावशींकडे पॅड ठेवले. हजेरी आपोआप वाढली. यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

तलावपाळी
@घणसोली_गाव बरं झालं लिहिलंस. काल सभेत मी हे विचारायला हवं होतं, आता फोन करूनच विचारते.

रविवारचा_पेपर
शाळेबाहेरचे निकालाचे बॅनर बघून कृपया शाळा निवडू नका. २०१९ ला दहावीचे अंतर्गत २० गुण काढले तर राज्याचा निकाल ८९.४१ वरून डायरेक्ट ७७.१० टक्क्यांवर. माझा धाकटा भाऊ त्याच बॅचचा, घरात सुतक असल्यासारखं वातावरण. पुढच्या वर्षी गुण परत दिले, निकाल परत वर. एका वर्षात शाळा बिघडल्या आणि लगेच सुधारल्या असं थोडीच झालं! आठवीला कच्ची असलेली किती मुलं दहावीला नीट उभी राहिली ते शाळेने सांगावं. आणि कच्च्या मुलांना १७ नंबरच्या फॉर्मने बाहेरून बसवून निकाल चकचकीत ठेवणं तर आधी बंद करावं, आमच्या ओळखीत झालंय असं. त्या पोराने नंतर वही उघडलीच नाही.

गणितवेडी
१७ नंबरबद्दल अगदी खरं. फार वाईट वाटतं.

लोकल_प्रवासी
गर्दीत टाईप करतोय चुका समजून घ्या. तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा कुणी पाहिलीय का? २०१६ पासून आहे, ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ, कंटेनरमध्ये वर्ग. सिग्नलला फुलं विकणारी मुलं तिथे शिकली आणि दहावीसुद्धा पास झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांपाशी नेली. मुलुंड आलं, नंतर लिहितो

डबापार्टी
आमच्याकडे आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल) होतं, पांढरी शिट्टी गळ्यात, सुटताना रस्त्यावर उभं राहून लहान मुलांना पलीकडे न्यायचं. सरांनी वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर मुलाला लीडर केलं. तो नंतर एकदाही उशिरा आला नाही, बाकीच्यांना पण आणायचा. आज पोलिसात आहे.

सेक्टर_पंधरा
विषय सोडून विचारते, कोपरखैरणे वाशी साइडला मराठी माध्यम सेमी, आठवीत अ‍ॅडमिशन कुठे मिळेल? मुलगा सातवीपर्यंत पूर्ण मराठी, सायन्स एकदम इंग्लिशमधून झेपेल का ही धाकधूक आहे

गणितवेडी
@सेक्टर_पंधरा झेपतं, फक्त पहिले तीन महिने शब्द दोन्ही भाषांत सांगणारे शिक्षक हवेत. शाळा बघायला मधल्या सुट्टीत जा, सभेच्या दिवशी नको. लॅबला कुलूप आहे का, लायब्ररीतली पुस्तकं मुलांच्या हातात दिसतात का ते बघा. आणि सरळ विचारा, सेमीत नवीन आलेल्या मुलांसाठी वेगळा तास घेता का. माझी वहिनी त्याच बाजूला शिकवते, तिला विचारून रात्री कळवते, आत्ता कुकर लावलाय.

सेक्टर_पंधरा
थँक्यू ताई 🙏 सायन्सच्या शब्दांची यादी असेल तर ती पण पाठवा ना