पाचच्या जाड नाण्याला चंद्रकोरीसारखी खाच: टांकसाळीची चूक की कुणी कापलंय? ग्रेडिंगला पाठवू का?

किराणावाली, सोलापूर

नमस्कार मंडळी. अशोक चौकाजवळ आमचं किराणा दुकान आहे. रात्री गल्ल्यातली चिल्लर वेगळी करताना नाणं उलटसुलट करून बघायची मला सवय आहे. गड्ड्याच्या यात्रेनंतर तर पोत्यानं चिल्लर येते, त्यातच ही दोन नाणी मिळाली.

पहिलं १९९४ चं, पाच रुपयांचं जुनं जाड नाणं. सालाखाली हिरा आहे. 'भारत'च्या वरच्या बाजूला कडेतून अर्धगोल तुकडाच नाही. दुसरं दहाचं, पण त्यातला मधला पांढरा भाग गायब, नुसती पिवळी कडी. फोटो जोडलेत. आमच्या मुलाचं म्हणणं, ग्रेडिंगला पाठवू, म्हणजे नाणी तपासणाऱ्या कंपनीकडे; ती नाणं खरं का ते बघून ७० पैकी दर्जाचा आकडा देते आणि नाणं डबीत बंद होऊन येईल. मला विकायची घाई नाही. पण खरं काय आहे ते कळायला हवं, आणि खर्च करण्यासारखं आहे का तेही. जाणकारांनी सांगावं.

जुना कॅशियर

ताई, आधी एक विनंती. दोन्ही नाण्यांना पितांबरी, चिंच, लिंबू काहीही लावू नका. कापडानंही पुसू नका. घासलेलं नाणं ग्रेडिंगवाले ओळखतात आणि आकडा न देता 'साफ केलेलं' असा शेरा मारून परत पाठवतात.

मी बँकेत रोकड मोजण्यात नोकरी काढली, चुकीची नाणी पुष्कळ हाताखालून गेली. पाचच्या नाण्याचं सांगतो. टांकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून कोऱ्या चकत्या पाडतात. पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर अर्धवट पडते आणि तिला असा गोल चावा बसतो. मग त्याच चकतीवर ठसा उठतो. म्हणजे खाच आधीची आणि छाप नंतरचा. बनावट नाण्यात उलटं असतं, तिथं छाप आधी आणि कानस नंतर. सगळी तपासणी ह्या एकाच गोष्टीवर चालते.

घरी बसून तीन गोष्टी बघा. खाचेत तसंच दुसरं पाचचं नाणं टेकवा, गोलाई जुळायला हवी. मग खाचेजवळची अक्षरं भिंगातून बघा. खऱ्या नाण्यात धातू खाचेकडे थोडा ओढला गेलेला असतो, अक्षर पसरट आणि पुसट होत जातं. कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीनं छाटल्यासारखं मध्येच संपतं आणि कडेवर कानशीचे ओरखडे दिसतात. तिसरी खूण मला सगळ्यांत जास्त भरवशाची वाटते: खाचेच्या बरोबर समोरची कड. ठसा मारण्याआधी चकतीची कड दाबून उचलतात. एका बाजूला धातूच नसला, की समोरच्या बाजूला दाब बसत नाही, म्हणून तिथली कड दबलेली, अस्पष्ट राहते. कानस चालवणाऱ्याला ही कड तयार करता येत नाही. फोटोत ती बाजू अंधारात आहे, उजेडात धरून परत टाका.

वजनही करा. ह्या नाण्याचं ठरलेलं वजन ९ ग्रॅम. सराफ कट्ट्यावर ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवून देतील.

चिल्लरवेडा

काकू, यूट्यूबवर अशा नाण्याला ५ लाख सांगतायत. एकाचा नंबर पण आहे, आधी नोंदणीची फी भरायची म्हणे.

जुना कॅशियर

भाऊ, एक रुपयासुद्धा भरू नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुनी नाणी-नोटा घेण्याच्या नावाखाली फी, कमिशन, टॅक्स मागतात, ही फसवणूक आहे, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलंय. खरा घेणारा नाणं बघून पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही.

किराणावाली, सोलापूर

काका, केलं सगळं. दुसरं नाणं खाचेत छान बसतं. 'भारत'चा वरचा भाग खाचेकडे पसरलाय, छाटलेला नाही. आणि समोरची कड खरंच बसकी आहे, बोट फिरवलं तरी कळतं! सराफांच्या काट्यावर ८.४६ ग्रॅम भरलं. नवीन फोटो टाकलेत.

जुना कॅशियर

मग निश्चिंत राहा, नाणं टांकसाळीतूनच असं निघालंय. सालाखालचा हिरा म्हणजे मुंबईची टांकसाळ. जवळपास ६ टक्के धातू कमी आहे, खाच डोळ्यांत भरणारी आहे.

दहाच्या कडीला मात्र मी हो म्हणणार नाही. मधला भाग नसताना ठसा पडला असता, तर आतल्या कडेचा धातू दाबानं आत सरकून गोलसर झाला असता. तुमच्या फोटोत आतली कड सरळ उभी आहे आणि एका बाजूला ठोकल्याची खूण आहे. कुणीतरी मधला भाग नंतर काढलाय.

कट्ट्यावरचा संग्राहक

ताई, माझं मत पाचचं नाणं पाठवाच. पीसीजीएस किंवा एनजीसी ह्या ग्रेडिंग कंपन्यांच्या डबीत असलं, की बाहेरगावचा गिऱ्हाईक शंका न घेता घेतो. सुटं नाणं दाखवलं, की जो तो 'कापलंय' म्हणतो.

जुना कॅशियर

दादा, विकायचं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण खर्च बघा. ग्रेडिंगची फी, टांकसाळीची चूक लेबलवर नोंदवायचे वेगळे पैसे, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा. आणि हे नाणं गल्ल्यात फिरलेलं आहे, सिंहांच्या छातीवरची नक्षी झिजलीय. ७० पैकी आकडा फार चढणार नाही. साध्या खाचेचं फिरलेलं नाणं ह्या खर्चाच्या वर फारसं जात नाही. हेच जर अर्धं सरकलेल्या ठशाचं असतं, किंवा एका बाजूला चित्र उलटं आत दबलेलं असतं, तर मी स्वतः पाठवा म्हणालो असतो. ताई, तरीही पाठवायचं असेल तर डीलरकडून पूर्ण खर्च आधी लिहून घ्या, आणि तशाच खाचेची सुटी नाणी लिलावात शेवटी कितीला गेली ते बघा. मागितलेला भाव धरू नका.

किराणावाली, सोलापूर

पटलं काका. आत्ता पाठवत नाही. मुलाला तिन्ही खुणा दाखवल्या, आता तोच भिंग घेऊन बसतो. ठेवू कशात? दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चालेल का?

जुना कॅशियर

मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर चढतो. नाण्यांसाठी पुठ्ठ्याचे चौकोन मिळतात, मध्ये पारदर्शक खिडकी असते. पाचचं नाणं २३ मिलिमीटरचं आहे, त्या मापाचा घ्या. वर वजन आणि मिळाल्याची तारीख लिहा, पण नाणं आत ठेवायच्या आधी. चौकोन दुमडून पिना मारल्यावर त्यांची टोकं पक्कडीनं दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडेल.