'सिटी ऑफ व्हाइस' पाच भागांत का संपली?

नदीकाठ
चॅनल फोरने २००८ साली या मालिकेचे पाच भाग दाखवले आणि विषय संपवला. अठराव्या शतकातलं लंडन, हेन्री आणि जॉन फील्डिंग हे सावत्र भाऊ, दोघेही दंडाधिकारी. हेन्री म्हणजे 'टॉम जोन्स' लिहिणारा कादंबरीकार. शहराला धड पोलीसदल नव्हतं तेव्हा १७४९ मध्ये त्याने आपल्या बो स्ट्रीटवरच्या न्यायालयातून चोर पकडायला मोजकी माणसं हाताशी धरली, तेच पुढे 'बो स्ट्रीट रनर्स'.
माझं दुःख हे, की खरी गोष्ट राहूनच गेली. हेन्री १७५४ मध्ये लिस्बनला वारला. त्यानंतर २६ वर्षं बो स्ट्रीट जॉनने सांभाळलं, तेही आंधळेपणात! तीन हजार गुन्हेगार आवाजावरून ओळखायचा म्हणतात. जॉनच्या भूमिकेत इयान ग्लेनसारखा नट असताना हे सोडून द्यायचं?

टेम्सकाठी
असहमत. मालिकेचा जीव त्या जोडीत होता. हेन्री १४ वर्षांनी मोठा, संधिवाताने जर्जर. जॉनला दिसत नाही. आपल्याकडची आंधळ्या-पांगळ्याची गोष्टच ती. इयान मॅकडायरमिडने साकारलेला हेन्री गेल्यावर जॉन बोलणार कोणाशी? पाच भाग नेमके आहेत. (१७४६ च्या नकाशावरून गल्लीबोळांत उतरणारा कॅमेरा मला अजून आठवतो.)

गावगाडा
माझा आक्षेप वेगळा आहे. दोघा भावांना फारच सोज्वळ केलंय. वाटमाऱ्याला शिक्षा झाली की ४० पौंड बक्षीस मिळायचं, आणि रनर्सही बक्षिसांवर जगत. त्याच लोभाने चोर पकडून देणाऱ्या मॅकडॅनियलच्या टोळीने निरपराधांना अडकवलं, ते १७५४ मध्ये उघडं पडलं. खुद्द हेन्रीने १७५३ मध्ये एलिझाबेथ कॅनिंग या मोलकरणीच्या अपहरणाच्या कहाणीवर विश्वास ठेवला, साक्षीदार मुलीला तुरुंगाची धमकी देऊन जबाब घेतला. मेरी स्क्वायर्स या म्हातारीला फाशीची शिक्षा झाली. पुढे तिला माफी मिळाली आणि कॅनिंगच खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरली. असल्या माणसांचा गौरव पाच भाग पुरे.

नदीकाठ
गावगाडा, कॅनिंगचं प्रकरण मला मान्य आहे, हेन्री तिथे वाईट चुकला. पण म्हणूनच तर पुढचं पर्व हवं होतं. थोरल्याच्या चुका बघितलेला धाकटा त्याच खुर्चीत बसतो, यापेक्षा मोठं नाट्य कुठलं? जॉनने फरारी गुन्हेगारांची वर्णनं छापून देशभर धाडायला सुरुवात केली. एका शहराची खबर दुसऱ्याला मिळू लागली.

टेम्सकाठी
काम मोठं, कबूल. पण पत्रकं छापणारा माणूस पडद्यावर करणार काय?

नदीकाठ
ऐकणार. डोळ्यांवर काळी पट्टी, समोर आरोपी, आणि तो तोंड उघडेपर्यंत जॉन गप्प. एवढ्या प्रसंगासाठी मी आणखी पाच भाग बसेन.