सी६३ फेसलिफ्ट: व्ही८ची आशा कितपत धरावी?

फेसलिफ्टमध्ये (म्हणजे याच पिढीच्या सुधारित रूपात) सी६३ला, म्हणजे मर्सिडीज सी-क्लासच्या ताकदवान एएमजी गाडीला, जुनं व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) परत मिळेल, असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय. मन म्हणतं मिळावं, पण मला नाही वाटत. या पिढीच्या सी-क्लासमध्ये सगळीच इंजिनं चार सिलिंडरची आहेत. त्यात ४ लिटरचं व्ही८ बसवायचं आणि वर युरोपचे उत्सर्जन नियम सांभाळायचे, एवढा खर्च थोड्या गाड्यांसाठी कोण करेल? एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं ३ लिटर टर्बो इंजिन जास्त संभवतं. मर्सिडीजच्याच सीएलई ५३ मध्ये ते ४४९ अश्वशक्ती देतंच, आणि ती गाडी सी-क्लासची सख्खी चुलत बहीण.

आकड्यांत आत्ताची हायब्रिड सी६३ (चार सिलिंडरचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटर) कुठेच कमी नाही: ६८० अश्वशक्ती, १०२० न्यूटन-मीटर. पण वजन २१०० किलोच्या वर, आणि ६.१ किलोवॅट-तासाच्या बॅटरीवर, नुसत्या विजेवर, धावते जेमतेम १३ किलोमीटर. म्हणजे एवढं ओझं वाहायचं ते कशासाठी? जुनी ५१० अश्वशक्तीची व्ही८ कागदावर मागे पडते, तरी लोक तिचंच नाव काढतात, कारण तो आवाज! (स्पीकरमधून येणारा नव्हे.)

बंपर-दिव्यांवरच्या चर्चेत मला फारसा रस नाही. हायब्रिडचं वजन उतरवलं तर मात्र सहा सिलिंडरही गोड मानून घेऊ.