मदत हवी आहे : सोसायटीचे दप्तर संगणकावर नेताना जुन्या लिपिकांना सोबत कसे घ्यावे?

सप्रेम नमस्कार. मी आमच्या गावातील विविध कार्यकारी सोसायटीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या, संचालक मंडळावर आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील अशा ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्या योजनेत आमची सोसायटीही आहे. संगणक आला, प्रशिक्षण झाले आणि खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

आमचे लिपिक सव्वीस वर्षे किर्द-खतावणी (रोजच्या व्यवहारांची व खातेवार हिशेबाची वही) लिहीत आहेत. कोणत्या सभासदाचे पीककर्ज किती थकले, हे ते पान न उलटता सांगतात. आणि हीच माहिती यंत्रात गेली की आपली गरज उरणार नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली असावी. ते उघड विरोध करत नाहीत, मात्र नोंदी आधी वहीत करतात आणि संगणकावरच्या उद्यावर ढकलतात. निर्णय घेताना आम्ही त्यांना विचारलेच नाही, ही चूक आमची, हे मान्य करतो.

जुन्या शिल्लका संगणकावर चढवून त्यांचा ताळमेळ घालण्याचे काम त्यांच्याच देखरेखीखाली सोपवावे, असा माझा विचार आहे, कारण वहीतली खाडाखोड त्यांच्याइतकी कोणालाच कळत नाही. परंतु काही संचालकांना त्यामुळे विलंब वाढेल असे वाटते. आपल्यापैकी कोणी हे केले आहे का? वही आणि संगणक ही दुहेरी नोंद किती महिने ठेवली, व ती ३१ मार्चपूर्वी थांबवली की नंतर? छापील उताऱ्यावर विश्वास न ठेवणाऱ्या वयस्कर सभासदांची समजूत कोणी व कशी घातली, हेही कृपया कळवावे.